वाळवंटी बागायतीत उगवणपूर्व तणनाशक वाया का जातं? (लेट्यूस, तुषार सिंचन, घोळ आणि लव्हाळा)

वाफसा_बघणारा (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. सखल वाळवंटातली बागायत आहे. पाऊस धरायचाच नाही, सगळं पाणी कालव्याचं. माती वालुकामय पोयटा, सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के, सामू ८.१. गादीवाफ्यांचं मध्य ते मध्य अंतर १०५ सेंमी आणि वाफ्यावर लेट्यूसच्या दोन ओळी. रोपं वर येईपर्यंत तुषार, त्यानंतर सरीतून पाणी. पेरणी सप्टेंबरच्या मध्याला, म्हणजे दिवसा अजून ४० अंशांच्या आसपास.

पेरणीच्या दिवशीच प्रॉपिझामाइड (जुनं नाव प्रोनामाइड, रसायन तेच) हेक्टरी १.३ किलो सक्रिय घटक या हिशोबाने वाफ्याच्या माथ्यावर ५० सेंमी पट्ट्यात फवारलं. मग पहिले तीन दिवस तुषार रोज बराच वेळ चालू. बाराव्या दिवशी फवारलेल्या पट्ट्यातच घोळीचा गालिचा, मधेमधे रानसावा आणि माठ. एका कोपऱ्यात लव्हाळा आहे, पण त्याच्यावर या औषधाची अपेक्षाच नव्हती.

प्रश्न चार आहेत.
१. घोळीत प्रतिकार तयार झालाय असं समजायचं का?
२. मात्रा २ किलोवर न्यावी का?
३. लेट्यूसनंतर त्याच रानात गहू आहे, त्याला धोका किती?
४. लव्हाळ्यासाठी उन्हाळ्यातला मोकळा काळ कसा वापरावा?

सरीवरंबा

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच: औषध मेलेलं नाही, जागेवरून हललंय.

घोळीचं बी मोहरीहूनही बारीक. ते उगवतं वरच्या एका सेंटिमीटरातून, फार तर दीड. म्हणजे औषध तिथे, त्या पापुद्र्यात, बी फुटण्याच्या वेळी हजर पाहिजे. सप्टेंबरात तुषार इतका का चालवतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. लेट्यूसचं बी २८-३० अंशांच्या वर माती गेली की झोपून राहतं, म्हणून पाण्याने वाफा गार ठेवायचा. पिकाला ते बरोबर आहे. पण कोरड्या वालुकामय पोयट्यात २५ मिमी पाणी साधारण १५-२० सेंमी खोल उतरतं. तीन दिवसांत ७०-८० मिमी दिलं असेल तर ओल अर्धा मीटर गेली. प्रॉपिझामाइड पाण्याइतकं खोल जात नाही, मातीला बऱ्यापैकी चिकटतं. पण ०.४ टक्के कर्बाच्या मातीत चिकटायला जागाच कमी. ते चार-सहा सेंटिमीटर जरी सरकलं तरी घोळीपुरता खेळ संपला. बी वर, औषध खाली, आणि बाळमुळं खाली पोचेपर्यंत रोप स्वतःच्या पायावर उभं.

म्हणून अमेरिकेच्या वाळवंटी पट्ट्यात, यूमा आणि इम्पीरियल व्हॅलीच्या हिवाळी लेट्यूसमध्ये पद्धत बदलली. औषध पेरणीला नाही, पहिलं पाणी सुरू झाल्यावर काही दिवसांनी द्यायचं. मोठं पाणी आधी जाऊ द्यायचं, माती ओली होऊन बसू द्यायची, आणि औषध त्यानंतरच्या हलक्या पाण्याबरोबर. थंडीतल्या पेरणीला तिसरा ते पाचवा दिवस चालतो. तुमच्या तापमानात घोळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं काढते, तेव्हा दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ किंवा तिसऱ्याची सकाळ, याच्या पुढे नको. उगवून हिरव्या झालेल्या तणावर हे औषध फारसं काही करत नाही. खिडकी अरुंद आहे, हे मान्य करूनच कामाला लागायचं.

औषधानंतर १२ ते २० मिमी पाणी पुरे. तेवढ्याने ते वरच्या दोन सेंटिमीटरांत मिसळतं. तिथून पुढे पाळ्या छोट्या ठेवा, वाफा गार ठेवायला तासभर चालवून बंद, पुन्हा तासभर. चोवीस तास सलग नाही.

मात्रा वाढवू नका. औषध खालीच जाणार असेल तर दुप्पट औषध दुप्पट खाली जाईल, आणि तेच उद्या गव्हाच्या मुळाशी भेटेल.

कोळपं_२

सरीवरंबा यांच्याशी सहमत, पण प्रतिकाराचा प्रश्न असा तोंडी निकालात काढू नका. तण उपटून मूळ बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

प्रॉपिझामाइड पेशीविभाजन अडवतं. औषध लागलेल्या रोपाच्या मुळाचं टोक जाडसर, बोथट होतं, गदेसारखं, आणि बाजूची मुळं फुटत नाहीत. हे गवतात फार स्पष्ट दिसतं, म्हणून आधी रानसाव्याची दहा-बारा रोपं घ्या. खुरप्याने मातीसकट उचला, पाण्यात हळू धुवा, पांढऱ्या ताटलीत पसरा. मुळं पांढरी, लांब, केसाळ असतील तर औषधाची आणि त्या रोपाची गाठच पडलेली नाही. टोकं सुजलेली पण रोप जिवंत असेल तर औषध पोचलं, कमी पडलं किंवा उशिरा पोचलं. पहिल्या दोन सेंटिमीटरात मूळ निरोगी आणि खाली टोकाला गाठ, असं दिसलं तर मात्र औषध खाली बसलंय याचा तो लेखी पुरावाच समजा.

दुसरी गोष्ट, तण कुठे सुटलंय त्याचा नकाशा काढा. सगळ्या वाफ्यावर सारखं असेल तर पाणी किंवा वेळ चुकली. फक्त वाफ्याच्या खांद्यावर असेल तर पट्टा अरुंद पडला. नळ्यांच्या मधोमध लांब पट्टे दिसत असतील तर तुषाराचं पाणी सारखं पडत नाही.

तिसरी, पट्ट्याचा हिशोब. हेक्टरी १.३ किलो ही मात्रा फवारलेल्या क्षेत्राची. ५० सेंमी पट्टा भागिले १०५ सेंमी म्हणजे ०.४८. एका हेक्टर रानाला प्रत्यक्षात ०.६२ किलो सक्रिय घटक लागतो. इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. कुणी ०.६२ ला पुन्हा ०.४८ ने गुणतं आणि निम्मी मात्रा टाकतं. कुणी पूर्ण १.३ किलो त्या पट्ट्यात ओततं आणि नेमक्या पट्ट्यात जवळपास २.७ किलो जातं. तुमचं नेमकं काय झालं ते लिहा.

वाफसा_बघणारा

हिशोब तपासला. हेक्टर रानाला ०.६२ किलोच गेलं, पट्ट्यात १.३ बरोबर. तुषाराचं पाणी तासाला साधारण ३.५ मिमी पडतं आणि पहिल्या तीन दिवसांत मिळून २४ तास चालला, म्हणजे ८४ मिमी.

मुळं पाहिली. रानसाव्याच्या बारा रोपांपैकी नऊ रोपांत वरचं मूळ पांढरं, सरळ, आणि साधारण पाच सेंमीच्या खाली टोक जाड झालेलं. बाकी तिघांत काहीच नाही. घोळीच्या मुळांवरून मला काही कळलं नाही.

नळ्यांच्या मधल्या पट्ट्यात तण जास्त आहे हेही खरं. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

सरीवरंबा

पाच सेंमीवर गाठ म्हणजे निकाल लागला. घोळीचं राहू द्या, तिची मुळं इतकी नाजूक की धुताना टोकं तुटतातच.

मधल्या पट्ट्यांसाठी डबे मांडून बघा. सारख्या तोंडाचे सोळा डबे, दोन नळ्यांमधल्या चौकोनात ४ × ४ मांडणीत, तोंड जमिनीला समांतर. तासभर तुषार चालवा, मग प्रत्येकातलं पाणी मिमीमध्ये मोजा. सगळ्यांची सरासरी काढा, मग सर्वांत कमी पाणी असलेल्या चार डब्यांची सरासरी काढा, आणि दुसरीला पहिलीने भागा. समजा सगळ्यांची सरासरी १४ मिमी आणि तळच्या चारांची ९, तर समानता ६४ टक्के. औषध तुषारातूनच सोडत असाल तर त्या चार डब्यांच्या जागी औषधही ६४ टक्केच पडतंय. हा आकडा ७५ च्या खाली असेल तर आधी तोट्या आणि दाब सुधारा, औषध नंतर. झिजलेली तोटी ओळखायला त्याच मापाचं ड्रिलचं पातं मागच्या बाजूने आत घालून बघायचं. सैल बसलं की तोटी बदलायची. वेगवेगळ्या मापाच्या तोट्या एका नळीवर मिसळल्या असतील तर डबे न मांडताही उत्तर कळलं.

तुषारातून औषध सोडण्याबद्दल आणखी दोन शब्द. उलटझडप आणि दाब पडल्यावर औषधाचा पंप आपोआप बंद होण्याची सोय नसेल तर सोडूच नका, पंप बंद पडला की टाकीतलं औषध कालव्यात परत जातं. आणि औषध पाण्यात तरंगत्या कणांच्या रूपात असतं, टाकीत ढवळणी चालू नसेल तर निम्मं तळाशी बसतं. वारा सुटायच्या आत, पहाटे.

यासोबत बेन्सुलाइड या दुसऱ्या उगवणपूर्व तणनाशकाचा विचार करा. ते पाण्यात फारच कमी विरघळतं आणि मातीला घट्ट धरून राहतं, म्हणून पेरणीलाच देऊन वर मोठं पाणी दिलं तरी वरच टिकतं. उलट त्याला कामाला लावायलाच पाणी लागतं. फवारलेल्या क्षेत्राला हेक्टरी ५.६ ते ६.७ किलो सक्रिय घटक. घोळ आणि रानसावा दोन्हींवर चांगलं. रानमोहरीच्या कुळावर आणि मालवावर कच्चं, ती बाजू उशिरा दिलेलं प्रॉपिझामाइड सांभाळतं. सोंकससारखी सूर्यफूल कुळातली तणं दोघांच्याही हातून सुटतात, कारण लेट्यूस त्याच कुळातलं. पिकाला जे सोसतं ते त्याच्या चुलत भावंडांनाही सोसतं.

चिमूटभर_माती

गव्हाचं बोलतो.

प्रॉपिझामाइड गवतवर्गावर जोरदार चालतं, आणि गहू गवतच. म्हणून धोका खरा आहे. गरम, ओल्या मातीत ते लवकर कमी होतं, थंड आणि कोरड्या मातीत रेंगाळतं. तुमचं औषध सप्टेंबरात पडलं हे बरं. पण नोव्हेंबरात पेरलेल्या लेट्यूसमागे जानेवारी-फेब्रुवारीत गहू टाकणारे याच्यात सापडतात. शिवाय पट्ट्यातलं औषध वाफे मोडताना सारखं पसरत नाही. एका ठिकाणी ढीग, शेजारी काहीच नाही, आणि गव्हात लांब पिवळे पट्टे. खताची कमतरता समजून लोक वर युरिया टाकतात. लेबलवर पुढच्या पिकासाठी जो काळ दिलाय तो पाळायचाच, त्यावर वाद नाही. पण वाळवंटी मातीत तेवढ्यावर न थांबता कुंडीत चाचणी घ्यावी.

वाफे मोडून आडवी-उभी वखरणी झाल्यावर रानात दहा-बारा ठिकाणांहून ० ते ७ सेंमी आणि ७ ते १५ सेंमी अशी वेगवेगळी माती घ्या. तुलनेसाठी त्याच जातीची, कधीच फवारणी न झालेली माती पाहिजे, बांधाकडेची चालते. पण बांधाची माती खारवट असेल तर फसाल, म्हणून क्षारता आधी मोजा. प्रत्येक मातीच्या चार कुंड्या. वाळवून भुगा करू नका, ओलसर असतानाच चाळा. प्रत्येकीत ओटचे दहा दाणे दोन सेंमी खोल. ओट याला गव्हाइतकंच किंवा जास्त हळवं असतं. तळाला भोक नको, म्हणजे औषध वाहून जाणार नाही. पाणी वजन करून द्या. तीन आठवड्यांनी मुळं धुवून बघा, पानांवर विसंबू नका. मुळं आखूड आणि टोकं जाड असतील तर गव्हाची पेरणी पुढे ढकला, मधे एक पाणी देऊन पुन्हा नांगरा.

एक युक्ती: चार जादा कुंड्यांत तीच संशयित माती आणि त्यात बारीक सक्रिय कोळसा मिसळा. कोळशाच्या कुंडीत ओट ठणठणीत आणि बिनकोळशाच्या कुंडीत खुरटं असेल तर दोष औषधाचाच, क्षारांचा नाही. कोळसा बरीच तणनाशकं धरून ठेवतो, मीठ धरत नाही.

सामू ८.१ आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. गव्हात क्लोरसल्फ्युरॉन किंवा मेटसल्फ्युरॉन ही तणनाशकं वापरायचं डोक्यात असेल तर दहादा विचार करा. आम्लधर्मी मातीत ही पाण्याशी रासायनिक क्रियेने तुटतात. विम्लधर्मी मातीत तो रस्ता जवळपास बंद, उरतात फक्त सूक्ष्मजीव, आणि कोरड्या उन्हाळ्यात तेही गप्प. ग्रॅमात मोजायची औषधं पुढच्या वर्षीच्या लेट्यूसला लोळवतात. लुसर्नमधलं (लसूणघासातलं) इमाझेथापायर हे तणनाशक वेगळ्या कारणाने रेंगाळतं, पण परिणाम तोच. अमेरिकेतल्या लेबलवर साखरबीटसाठी ४० महिन्यांचा काळ आहे. पाऊस नसलेल्या मुलखात ‘इतके महिने झाले’ याला फार अर्थ नाही. त्या महिन्यांत माती किती दिवस ओली होती, ते मोजायचं.

गाठीवर_गाठ

लव्हाळा कोणता, हे आधी ठरवा. सगळी गाडी तिथेच अडते.

जांभळा असेल तर पानाचं टोक अचानक निमुळतं होतं, फुलोरा लालसर-जांभळट, आणि खाली गाठी माळेसारख्या एकामागून एक. गाठ लांबट, खरखरीत, चावली तर कडू. पिवळ्याचं पान लांबवर हळूहळू निमुळतं होत जातं, फुलोरा पिवळसर, मुळकांडीच्या शेवटी एकच गोल, गुळगुळीत गाठ, चवीला बरी. फरक नुसता नावाचा नाही. एस-मेटोलाक्लोर हे तणनाशक पिवळ्याला बऱ्यापैकी दाबतं, जांभळ्याला नाही. वाळवंटात बहुतेक ठिकाणी जांभळाच भेटतो.

जांभळ्याची माळ हीच त्याची ताकद. टोकाची गाठ फुटलेली असते आणि ती बाकीच्यांना झोपवून ठेवते. वरून ग्लायफोसेट (पानावर मारायचं तणनाशक) मारलं की फुटलेली मरते, जोडलेल्या एक-दोन गाठी मरतात, झोपलेल्यांपर्यंत औषध जातच नाही, कारण तिकडे अन्नरसाचा ओघच नसतो. तीन आठवड्यांनी त्या उठतात आणि आपण औषधाला शिव्या देतो.

तुमच्याकडे मोकळा उन्हाळा आहे, आणि वाळवंटात ही फार मोठी चीज आहे. गाठ अंधारात, चिखलात टिकते; सुकणं तिला सोसत नाही. गहू निघाला की पाणी पूर्ण तोडा. रान कोरडं झालं की नांगराने उलटं करा, १५-२० सेंमी, बहुतेक गाठी त्याच्या वरच असतात. ढेकूळ मोठं राहू देऊ नका, ढेकळाच्या पोटातली गाठ आरामात जगते. दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या, मग आडवी नांगरट करून खालच्या वर आणा, पुन्हा तेवढेच दिवस. कडेला कालव्याची झिरप असेल तर तिथे हे सगळं फुकट. आधी झिरप बंद, मग नांगर.

हे झाल्यावर ऑगस्टात लेट्यूसच्या आधी एक भरपूर पाणी द्या. माळा तुटल्यामुळे झोपलेल्या गाठी एकदमच फुटतात, आणि आपल्याला तेच हवंय. पाच-सहा पानांवर आल्या की ग्लायफोसेट. नवी गाठ फुटव्यानंतर तीन-चार आठवड्यांत धरायला लागते, त्याच्या आत. फवारणीच्या वेळी रान ओलं पाहिजे. पाण्यासाठी तरसलेला, मेणचट झालेला लव्हाळा औषध घेत नाही. वाळवंटात ग्लायफोसेट फसण्याची नेहमीची कारणं तीन: तहानलेलं तण, पानावरची धूळ, आणि कठीण पाणी. धूळ आणि माती ग्लायफोसेटला जागेवर बांधून टाकतात, तेव्हा ट्रॅक्टरने धुरळा उडवत एकाच ओळीवरून दोनदा जाऊ नका. कठीण पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तेच करतं. त्यासाठी टाकीत आधी लिटरला १० ते २० ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवून घ्या, ते पूर्ण विरघळल्यावरच औषध. क्रम उलटा झाला की उपयोग घटतो. पाणीही हेक्टरी १०० लिटरच्या आसपास ठेवा, जितकं पाणी जास्त तितका कठीणपणा जास्त.

एका वर्षात संपेल असं कुणी सांगितलं तर हसा. अमेरिकेत अलाबामामध्ये १९३० च्या दशकात दर तीन आठवड्यांनी, सलग दोन हंगाम नांगरट केल्यावर लव्हाळा हटला होता. आणि रोटाव्हेटर त्या कोपऱ्यातून बाकी रानात नेण्याआधी धुवा. पात्यांत अडकलेल्या चिखलातून गाठी फिरतात.

ऊन_झाकण

एवढं ऊन आहे तर पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती का तापवत नाही? जुलै-ऑगस्टात रान मोकळंच असतं. १९७६ मध्ये इस्रायलमध्ये काटन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, ती अशाच हवामानात. घोळ, माठ, रानसावा सगळ्यांचं बी वरच्या थरात मरेल, औषधाचा प्रश्नच उरणार नाही.

गाठीवर_गाठ

लव्हाळ्यासाठी नको. वरच्या पाच सेंमीत माती ५० अंशांच्या वर जाते हे खरं, पण १५ सेंमीवरची गाठ त्या उबेत खूश होऊन फुटते. नुसत्या काळ्या प्लास्टिकला तर ती सरळ भोक पाडून वर येते.

सरीवरंबा

दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. बियांवरच्या तणांसाठी पद्धत चांगली, पण चार गोष्टी चुकल्या की प्लास्टिकचा नुसता कचरा होतो. एक, माती कोरडी. ओलं बी उष्णतेला हळवं, कोरडं बी चिवट, आणि ओल्या मातीतून उष्णता खाली उतरते. म्हणून वाफसा असताना झाकायचं. दोन, प्लास्टिक काळं. काळं स्वतः तापतं, पारदर्शक मातीला तापवतं. २५ ते ५० मायक्रॉन पुरे. तीन, प्लास्टिक आणि मातीच्या मधे हवा. वाफे आधी बांधून, माथा दाबून सपाट करून, घट्ट ताणून अंथरायचं, कडा मातीत गाडायच्या. कडेची अर्धी वीत गारच राहते, तिथे तण येणारच. चार, आणि ही चूक सगळ्यात जास्त होते: नंतर नांगर. खालचं जिवंत बी वर आलं की सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात. वाफे मोडायचे नाहीत, त्यावरच पेरायचं. चार ते सहा आठवडे लागतात. मालवा आणि मेलिलोटसचं टणक कवचाचं बी यातूनही सुटतं.

मोठ्या क्षेत्राला प्लास्टिक परवडत नसेल तर ओलवून तण काढून घेणं हा गरिबाचा उपाय, आणि माझ्या मते प्लास्टिकपेक्षा तोच आधी करावा. ऑगस्टअखेर वाफे बांधून २५-३० मिमी पाणी. या उन्हात घोळ आठवड्यात दिसते. दोन ते चार पानांवर वरवर छाटा, तीन सेंमीच्या खाली जायचं नाही. माथा कोरडा झाल्यावरच छाटा. घोळीचं मांसल खोड ओल्या मातीवर पडलं की गाठीगाठीला मुळं फोडतं, आणि तुम्ही एका झाडाची चार केलेली असतात. फुलावर आलेली असेल तर रानाबाहेर काढा, उपटल्यावरही बोंडांत बी पिकतं.

चिमूटभर_माती

प्रतिकाराबद्दल एक ओळ राहिली. घोळीपेक्षा माठाकडे बघा. पामर अमरँथ हा माठाचाच एक रानटी प्रकार, मूळचा याच, सोनोरन वाळवंटाच्या पट्ट्यातला. ग्लायफोसेट न जुमानणारा पामर पहिल्यांदा जॉर्जियात २००५ मध्ये नक्की झाला. नर-मादी झाडं वेगळी, एका मादीला लाखांत बी. ग्लायफोसेटनंतर एकाच झुबक्यात काही माठ मेलेले आणि शेजारचे हिरवेगार दिसले, तर ते बी धरायच्या आत हाताने उपटा, आणि पुढच्या वेळी काम करण्याची पद्धत वेगळी असलेलं औषध घ्या.

वाफसा_बघणारा

डबे मांडले. सरासरी ११, तळच्या चारांची ७. म्हणजे ६४ टक्केच. दोन नळ्यांवर तोट्या वेगळ्या मापाच्या निघाल्या.

पुढच्या पेरणीला थोड्या भागावर औषधाची वेळ पारखून बघायची आहे: पेरणीला, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. मांडणी कशी करावी? तुषारातून औषध सोडलं तर छोटे वाटे करता येणार नाहीत.

कोळपं_२

तुषारातून सोडू नका, पाठीवरच्या पंपाने फवारा आणि लगेच सगळ्या वाट्यांवर एकच पाणी द्या. पाणी सगळ्यांना सारखं, फक्त औषधाची वेळ वेगळी. नाहीतर कशाचा परिणाम मोजताय ते कळणार नाही. दाब स्थिर ठेवणारी झडप लावा, पंखा तोटी, फवारलेल्या क्षेत्राला हेक्टरी २०० लिटर पाणी धरा आणि चालण्याचा वेग घड्याळ लावून पक्का करा.

पाच वाटे: औषध नाही, पेरणीला, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आणि हाताने पूर्ण स्वच्छ ठेवलेला. चार गट. प्रत्येक वाटा दोन वाफे रुंद आणि आठ मीटर लांब. मोजणी मधल्या सहा मीटरांतच. गट कसे पाडता यावर सगळं आहे. नळीच्या सुरुवातीला पाणी जास्त, शेवटी कमी. म्हणून नळीच्या सुरुवातीचा तुकडा एक गट, त्यापुढचा दुसरा, असं. पाचही वाटे प्रत्येक गटात, चिठ्ठ्या टाकून. एका उपचाराचे चारही वाटे नळीच्या तोंडाशी आले तर तुम्ही पाणीच मोजाल. तोट्या आधी बदला, हे सांगायला नको. लव्हाळ्याचा कोपरा बाहेर ठेवा. ठेवता येत नसेल तर फवारणीआधी प्रत्येक वाट्यातली संख्या लिहून ठेवा.

मोजणीला २५ × ५० सेंमीची चौकट, प्रत्येक वाट्यात चार जागा, चौकट लेट्यूसच्या ओळीवर ठेवायची. घोळ, रानसावा, माठ वेगवेगळे मोजा. पेरणीपासून १४ आणि २८ दिवसांनी. ‘८० टक्के नियंत्रण’ असा नजरेचा अंदाज शेजारी लिहा हवं तर, पण आकडा मोजलेलाच. लेट्यूसची रोपं प्रति मीटर मोजायला विसरू नका, नाहीतर तण मारताना पीकही मारलं हे दिसणार नाही. पहिल्या खुरपणीला प्रत्येक वाट्याला किती मिनिटं लागली तेही घड्याळावर घ्या. मजुरांचे तास हाच शेवटी निर्णयाचा आकडा असतो. आणि प्रत्येक पाण्याची सुरू-बंद वेळ, मिमी, त्या दिवशी दोन सेंमीवरचं मातीचं तापमान. औषधाची खिडकी तापमानावर ठरते. चौथ्या दिवशी नेमकं किती तण आधीच उगवलेलं होतं ते फवारण्याच्या सकाळी मोजून लिहा, नाहीतर उशीर झाला म्हणून फसलं की औषधच चाललं नाही, हे नंतर कळायला मार्ग नाही.

वाफसा_बघणारा

दुसऱ्या दिवशी सकाळी की संध्याकाळी?

सरीवरंबा

बारा तास पाणी थांबलेलं असेल अशी वेळ निवडा, मग सकाळ असो की संध्याकाळ. फवारताना माथा चकाकत असेल, पाणी डबक्यात दिसत असेल, तर औषध तिथून वाहून सरीत जातं. बोटाने दाबल्यावर ठसा उमटावा पण बोटाला पाणी लागू नये, एवढी ओल.